मागच्या माणसाची सीट

टेम्पोतून ती गाडी माझ्या दुकानासमोर उतरवली, तेव्हा तिच्यातून जयसिंगआबांच्या पदरात काय पडणार याचा हिशेब मी उभ्या उभ्या केला. दूध घालायला जाता येणार नाही, कारण कॅन अडकवायला जागाच नव्हती. कराडला जाता येणार नाही, कारण तशी गाडी चाळिसाच्या वर पळत नाही असं आबाच म्हणत होते. मिरवता येणार नाही, कारण टाकीचा रंग कुत्र्यानं चाटल्यासारखा जागोजाग गेला होता. आणि बसता तर मुळीच येणार नाही, कारण तिला सीट नव्हती. टाकी संपली की थेट मागचा मडगार्ड. एकूण प्राप्ती शून्य.

"सीट हरवली वाटतं," मी म्हणालो.

"नव्हतीच. उभ्यानं चालवायची गाडी हाय ही."

"मग माझ्याकडं कशाला आणलीत?"

"सीट करायची हाय. मागच्या माणसाला."

"आणि पुढच्याला?"

"पुढच्याला नको."

पाटणच्या एस.टी. स्टँडसमोर माझं सीट कव्हरचं दुकान. माणसं कशावर बसतात आणि कशावर बसायला कमीपणा मानतात, यावर माझं घर चालत आलेलं आहे. नवऱ्याची सीट मऊ आणि बायकोची कडक, अशी मागणी मी ऐकली होती. उलटी कधी ऐकली नव्हती. आणि पुढच्याला सीटच नको म्हणणारं गिऱ्हाईक तर पहिलंच.

जयसिंग डुबल हे धरणाच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. तेव्हा साठीला आलेले, सडसडीत, आणि एकदा बोललेलं परत घेतलं तर कर भरावा लागतो अशी समजूत असलेले. बोगद्याच्या कामावर कधीकाळी एक गोरा इंजिनिअर आला होता. ही गाडी त्याची. दर रविवारी तो ती घेऊन नदीतल्या धोंड्यांवरून चढउतार करायचा. जोरात जायची शर्यत नव्हती ती. धोंड्यांतून जाताना जमिनीला पाय टेकला की एक मार्क, आणि ज्याचे मार्क कमी तो जिंकला. साहेब आणि आबा असे दोघेच खेळायचे. पुढं साहेब मायदेशी गेला आणि गाडी स्टोअरमध्ये पडली. वीस-बावीस वर्षांनी भंगारात निघाली, तेव्हा आबांनी ती उचलली.

इंजिनाचं काम इस्माईल मिस्त्रीकडं होतं. त्याचं गॅरेज माझ्या दुकानाला लागून, मध्ये फक्त एक पत्रा. त्यामुळं पुढचे दोन महिने त्या गाडीचा एकेक अवयव माझ्या डोळ्यांदेखत सुटा झाला आणि परत जुळला. पिस्टन जाम होता. इस्माईलनं त्यात डिझेल ओतून चार दिवस वाट पाहिली आणि पाचव्या दिवशी लाकडी ठोकळा ठेवून तो ठोकून काढला. तसा दुसरा मिळणं शक्य नव्हतं, म्हणून आपल्याकडच्या एका गाडीचा पिस्टन आणून लेथवर उतरवला आणि बोअर त्याच्या मापाचा केला. टाकीत मूठभर नदीचे खडे टाकून दोघं ती आळीपाळीनं घुसळत बसले. खडे बाहेर आले तेव्हा आत दुसरी टाकी असावी इतका गंज पडला. क्लचच्या प्लेटींना बुचाचे तुकडे कापून बसवले, ते माझ्या कात्रीनं. कात्रीची धार गेली ती गेलीच.

इस्माईलचा हात सोन्याचा, पण गाडी सुधारल्याशिवाय त्याला ती दुरुस्त झाल्यासारखी वाटायची नाही. मागची दातेरी चक्री ताटाएवढी होती. त्यानं ती काढून बशीएवढी बसवली.

"आता साठानं पळंल बघा, आबा."

"मी कुठं पळून चाललोय? पहिली बसव."

मग त्यानं टायरात ठासून हवा भरली. आबांनी खाली बसून काडीनं ती निम्मी सोडून दिली. टायर बसकं झालेलं पाहून इस्माईलचा चेहरा आपल्याच पोरीचं लग्न मोडावं तसा झाला.

"आवं, पंक्चर गाडी घेऊन जानार का?"

"मऊ टायर धोंडा धरतं. टणक उडवून लावतं."

"पण जायचंय कुठं एवढं धोंड्यातनं?"

तेव्हा आबांनी सांगितलं. काकींना, म्हणजे आपल्या बायकोला, सडावाडीला न्यायचं होतं, तिच्या माहेरी. सडावाडी म्हणजे वर पठारावर. जीप खिंडीपर्यंत जाते, पुढं दोन मैल पायवाट, मध्ये ओढा आणि कातळाच्या पायऱ्या. काकींचे वडील, दौलतीतात्या शेलार, नव्वदीला टेकलेले आणि आता अंथरुणाला खिळलेले. त्यांनी निरोप धाडला होता, की एकदा लेक-जावई दोघं जोडीनं दारात दिसू द्या, मग मी मोकळा. चंपाषष्ठीपर्यंत तरी म्हातारा तग धरेल असं वैद्याचं मत होतं. पुढची हमी त्यानं घेतली नव्हती.

"काकींना डोलीतनं न्या की," इस्माईल म्हणाला. "चार गडी मिळतील. तुम्ही चालत जा."

आबा पाना उचलून चाकाच्या नटाशी लागले.

सीटच्या मापासाठी काकी दुकानात आल्या, त्या दोन्ही हात उंबऱ्याला धरून. इंदुमती नाव, पण पाटणात त्यांना सगळे काकीच म्हणायचे. ठेंगण्या, भरल्या अंगाच्या, आणि दोन्ही गुडघे सुजून कवठाएवढे झालेले. स्टुलावर बसल्यावर त्यांनी पाय एकेक करून हातानं उचलून सरळ केले.

"मऊ कर रं, मुकुंदा. दोन वरसं माहेर बघितलं न्हाई. गुडघ्यांनी कामच सोडलं."

"काकी, डोली बरी नव्हं त्यापेक्षा?"

"डोलीत एकदाच बसनार मी. तवा चढ लागला तरी कळायचा न्हाई." मग माझ्याकडं बघून त्या हसल्या. "आन् मी डोलीत गेले तरी ह्यांचं काय? तात्यांना दोघं पायजेत."

"आबा चालत येतील."

"विचार की त्यांनाच," असं म्हणून त्यांनी चहा मागितला.

मी मडगार्डवर लोखंडी चौकट बसवून घेतली, तिच्यावर दुहेरी फोम, वर काळं रेक्झिन, कडेनं लाल पायपिंग. मागं टेकायला वीतभर उंच पाठ केली आणि धरायला पितळी दांडी दिली. इतकी राजेशाही सीट मी आमदाराच्या जीपलाही केली नव्हती. तिच्या पुढं, जिथं आबा असणार, तिथं उघडा पत्रा.

सराव गावामागच्या ओढ्यात. सकाळी सहाला आबा मला घरातून उचलायचे. माझं काम मोजण्याचं. सीटच्या रेक्झिनचा हातभर तुकडा उरला होता, तो मी पाटीसारखा धरायचा आणि आबांचा पाय टेकला की शिंप्याच्या खडूनं त्यावर एक रेघ ओढायची. मागच्या सीटवर काकींच्या जागी तांदळाचं पोतं बांधलेलं. काकींचं वजन किती धरायचं यावर घरात दोन दिवस बोलणं बंद होतं. आबांनी अंदाजे साठ किलो भरलं, काकींनी ते बघून काही न बोलता त्यात अजून चार पायल्या ओतल्या.

पहिल्या दिवशी एकेचाळीस रेघा झाल्या. आबा दोनदा पडले, पोतं एकदा फुटलं.

"चाळीसच लिहितो," मी म्हणालो. "शेवटचा निम्माच टेकला होता."

"निम्मा पाय कुनाचा बघितलास? लिही!"

आठवड्यानं पंचवीस, मग चौदा, मग सहा. आबा फुटरेस्टवर उभे, गुडघे किंचित वाकलेले, धोंडा आला की अंग मागं, उतार आला की आणखी मागं. इंजिन फट् फट् फट् करत म्हशीच्या चालीनं चढायचं. मग त्यांनी नवीनच काढलं. गाडी जागच्या जागी थांबवायची, हँडल एका बाजूला वळवून ठेवायचं आणि पाय न टेकता नुसतं उभं राहायचं. मी आकडे मोजायचे. सुरुवातीला पाच म्हणेपर्यंत आबा आडवे. कार्तिक संपता संपता साठ.

"आबा, म्हाताऱ्याला बघायला जायचंय. गाडीवर पुतळा होऊन काय करायचंय?"

"साहेबाचा नियम हाय."

इस्माईलला पक्का संशय होता, की सडावाडीला कसलीतरी स्पर्धा आहे आणि बक्षीस एकट्यानं खायचं म्हणून आबा सांगत नाहीत. मीही दोन दिवस ते खरं धरून चाललो.

चंपाषष्ठीच्या आदल्या सकाळी आम्ही निघालो. गाडी जीपमध्ये आडवी, काकी पुढं, मी मागं गाडीचं हँडल मांडीवर घेऊन. खिंडीत जीप थांबली. इस्माईल जीपपाशीच राहिला. गाडीला तो लहान पोराला शाळेत धाडावं तसं बघत होता. काकी सीटवर बसल्या, दांडी धरली, पदर खोचला. आबा फुटरेस्टवर उभे राहिले. मी रेक्झिन आणि खडू घेऊन मागं.

पहिल्या मैलात आबांनी सहा वेळा पाय टेकला. एकदा तर चक्क दोन्ही पाय टेकून तंबाखू मळली. मी सहा रेघा ओढल्या. आबांनी वळून बघितलं.

"त्या पूस. शिवंपासनं मोजायचं."

पठाराच्या तोंडाशी चुना फासलेला एक दगड होता. ती सडावाडीची शीव. तिथं आबांनी गाडी थांबवली, खाली उतरले, लोटाभर पाणी प्यायले, दगडाला हात जोडले आणि लघवीला गेले. मी काकींना विचारलं, की शिवेच्या अलीकडचा पाय पाय नाही आणि पलीकडचा पाय, हा कुठला नियम.

"साहेबाचा न्हाई, खंडोबाचा," काकी म्हणाल्या.

पंधरा वर्षांपूर्वी काकींच्या धाकट्या बहिणीचं लग्न याच गावात झालं होतं. नवरदेव तलाठी. पंगत बसली तेव्हा नव्या जावयाला पाट मांडला आणि थोरल्या जावयाला, म्हणजे आबांना, घडी घातलेलं पोतं. आबा भरल्या ताटावरून उठले. नुसते उठून गेले असते तर निभलं असतं. पण ते तडक देवळात गेले, खंडोबापुढचा भंडारा मुठीत घेतला आणि साऱ्या वऱ्हाडासमोर म्हणाले, की आजपासून सडावाडीच्या शिवंच्या आत माझा पाय जमिनीला लागला तर हा देव माझं बघून घेईल. भंडारा उचलून बोललेला शब्द आमच्याकडं कोर्टातही बदलत नाहीत.

"पाट का न्हाई दिला पर?"

"घरात पाट एकच व्हता." काकींनी पदरानं तोंड पुसलं. "अजून एकच हाय."

म्हाताऱ्याचा निरोप आल्यावर आबा गुरवाकडं निवाडा मागायला गेले होते. चपला घालून चाललं तर? गुरव म्हणाला, सगळा गावच चपला घालून चालतो, मग पाय कुणाचाच लागत नाही का? घोड्यावरून? गुरवानं विचार करून सांगितलं, की देव स्वतः घोड्यावर असतो, तेव्हा स्वाराला हरकत नाही. आबांनी वरातीचा घोडा आणला. तो ओढ्यात जाऊन बसला तो संध्याकाळी उठला. मग गाडी चालेल का? गुरव म्हणाला, चालेल, पण थांबलास आणि पाय टेकलास तर मी जबाबदार नाही. त्यानंतर आबांना साहेबाची गाडी आठवली.

आबा परत आले. मी खडूला नखानं टोक काढलं.

"सोडा," काकी म्हणाल्या, आणि गाडी शिवेच्या आत गेली.

शिवेपासून घरापर्यंत मी पावलं मोजत गेलो. माझी सवयच ती. आबा काय चालवत होते म्हणून सांगू! ओढ्यातल्या शेवाळलेल्या धोंड्यांवरून मागचं टायर चपटं होऊन असं चिकटत गेलं, की मला इस्माईलची दया आली. पण कातळाच्या पायऱ्या ओढ्यासारख्या नव्हत्या. पोतं बांधून केलेला सराव आणि जिवंत माणूस यात फरक पडतो. तिसऱ्या पायरीवर गाडी अडली, डावीकडं कलली, आबांचा डावा पाय फुटरेस्टवरून सुटला.

त्याआधीच काकींनी आपला पाय खाली टाकला होता. सुजलेल्या गुडघ्यावर त्यांनी गाडी, नवरा आणि स्वतःला तोलून धरलं. त्यांच्या तोंडून एक बारीक आवाज आला, कुकरची शिट्टी येता येता राहावी तसा.

"हां. चला," त्या म्हणाल्या.

आबांचा पाय परत वर. गाडी पायरी चढली. माझा खडू हवेत.

"मुकुंदा, लिहिलास का?" आबा मागं न बघता ओरडले.

"तुमचा टेकला नाही. काकींचा टेकला."

"तिच्या पायावर शपथ न्हाई. मोजू नको."

मी मोजला. रेक्झिन उलटं करून पाठच्या बाजूला रेघ ओढली. घर येईपर्यंत त्या बाजूला अकरा रेघा झाल्या. आबांची बाजू कोरी.

अंगणात फणसाखाली बाज टाकून दौलतीतात्यांना बाहेर आणून ठेवलं होतं. शेजारी त्यांचा मुलगा, तातोबा. गाडी कुडाच्या कवाडातून आत शिरली, कोंबड्या चहूकडं पळाल्या, आणि आबा बाजेपासून चार हातांवर हँडल वळवून जागच्या जागी उभे राहिले. काकी दांडी धरून हळूहळू उतरल्या. सीट हलकी झाली तशी गाडी डुलली, पण आबांनी सावरली.

तात्यांनी खूप वेळ बघितलं. मग म्हणाले, "पाव्हनं आलं. तातोबा, पाट आन."

तातोबा आत पळाला. मला तेव्हा म्हाताऱ्याची अक्कल कळली. पाट खाली टाकायचा, त्यावर आबांनी उतरायचं. लाकडावर पाय, जमिनीला नाही. वर पंधरा वर्षांचा राहिलेला मान. देव खूश, जावई खूश. सवयीनं मी आकडे मोजायला लागलो होतो, वीसपर्यंत आलो होतो.

तातोबानं पाट आणून गाडीशेजारी ठेवला. आबांनी उजवा पाय फुटरेस्टवरून उचलला.

काकी त्या पाटावर बसल्या.

बसल्या म्हणजे एका हातानं फणसाचं खोड धरून, दुसऱ्या हातानं गुडघा दाबत, पुऱ्या ऐसपैस बसल्या. दोन्ही पाय एकेक करून उचलून पुढं सरळ केले.

"वहिनी, च्या टाका," त्यांनी घरात आवाज दिला.

"अगं," आबा म्हणाले. "पाट."

"बसले की."

"मला उतरायचं हाय."

"उतरा की. खाली जमीन हाय."

आबांचा तोल चालला होता. त्यांनी क्लच सोडला आणि अंगणातच एक फेरी मारली. मग दुसरी. फणस, बाज, तुळस, गोठा, परत फणस. तात्यांची मान गाडीबरोबर फिरत होती. तिसऱ्या फेरीला चहा आला. काकींनी बशीत ओतला.

"इंदे, ऐक माझं."

"ऐकतीया. फिरता फिरता बोला."

"शपथ घेतलीय मी."

"व्हय. मी तिथंच व्हते." काकींनी बशीवर फुंकर घातली. "तवापासनं वरसातनं तीनदा येत व्हते मी. एकटी. आधी चालत, मग काठीनं, मग येकदा बसून बसून. तात्या इचारायचे, पाव्हनं कुठं हायती? मी म्हनायची, कामात हायती. तुमच्या शपथंला माझंच पाय लागत व्हते. आता हे पाय काय उठत न्हाईत."

गाडी बाजेसमोर आली आणि थांबली. आबांनी हँडल वळवलं. मी मोजत होतो. चाळीस. पन्नास. साठाच्या पुढं ते कधी गेले नव्हते.

एकसष्टाला आबांनी उजवा पाय अंगणात ठेवला.

काही झालं नाही. एक कोंबडी जरा बाजूला सरकली. आबांनी डावाही ठेवला, इंजिन बंद केलं आणि गाडी फणसाला टेकवली. मग ते पाटाशेजारी येऊन नुसत्या जमिनीवर बसले.

"दाजी, पोतं आनू का?" तातोबानं विचारलं. त्याच्या मनात काही नव्हतं, तो तसाच होता.

"नको," आबा म्हणाले. "बरी हाय जमीन."

तात्यांनी माझ्या हातातल्या रेक्झिनकडं बोट केलं. "हे काय, शिंपी?"

"पाय मोजलेत. आबांचे दोन. काकींचे अकरा."

"आजचे?"

"आजचे."

"आन् त्याआधीचे?"

आबांनी काकींची रिकामी बशी घेतली आणि उगाच पदराला पुसली, काकींच्याच.

तात्या माघात गेले. त्याआधी आबा-काकी चार वेळा वर जाऊन आले, आणि दर वेळी आबा खंडोबापुढं नारळ फोडून माफी मागायचे, जणू ती हप्त्यानं फेडायची असते. पुढं ती गाडी त्या दोघांची मौजेचीच झाली. कारवी फुलली की पठारावर, पाऊस उघडला की ओढ्याकाठानं. पुढच्यालाही मी सीट केली, पातळ. त्यावर आबा फारसे बसले नाहीत.

रेक्झिनचा तो तुकडा अजून दुकानात आहे. खडू पुसतो, म्हणून त्या रात्री घरी आल्यावर मी मशीनवर त्यावर आकडे शिवून टाकले. शीव ते अंगण माझी सतराशे पावलं भरली होती. वर्षात तीन खेपा, जायचं नि यायचं. शेवटची दोन वर्षं वगळून तेरा. एका बाजूला शिवलंय, आबा दोन. उलट्या बाजूला, काकी एक लाख बत्तीस हजार सहाशे, आणि वर अकरा.